साबणावर काय लिहावं?



घरी केलेल्या साबणाच्या वडीवर ठसा उमटवायचाच असेल तर त्यावर दोनच गोष्टी असाव्यात. तेल कोणतं आणि तारीख कोणती. करणाऱ्याचं नाव नको, देवाचं नाव नको आणि 'केमिकल-फ्री' तर अजिबात नको. हे माझं मत आहे, आणि ते ऐकून घरातली निम्मी माणसं सध्या माझ्यावर थोडी नाराज आहेत.

एवढ्याशा वडीवर एवढा मोठा लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण गेले दोन महिने या विषयावर आमच्या घरात, शेजारी आणि फोनवरून थेट पुण्या-नाशिकपर्यंत जी चर्चा झाली, ती पाहता सगळ्यांना एकदाच लिहून कळवणं बरं. प्रत्येकाला फोनवर वेगळं समजावण्यात माझा घसा बसायची वेळ आली आहे. :)

आधी नव्या वाचकांसाठी थोडं मागचं. मी शाळेत मराठी शिकवत असे, पण कार्यानुभवाचा तास बहुतेक वेळा माझ्याकडेच यायचा. खडू, मेणबत्त्या, फिनेल, साबण असले प्रकार त्या तासाला चालत. निवृत्तीनंतर बरीच वर्षं ते सगळं मागे पडलं होतं. मग तीन वर्षांपूर्वी सूनबाईंनी कुठल्याशा प्रदर्शनातून हाताने केलेल्या साबणाची एक वडी आणली. किंमत अडीचशे रुपये! वर सुबक ठसा, वेष्टनावर 'रसायनविरहित'. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हटलं, रसायनविरहित साबण कसा होईल ते तरी पाहू या.

तो होत नाही, हे सांगूनच टाकते. साबण म्हणजे तेल आणि खार यांचं लग्न. पूर्वी हा खार राखेतून यायचा. राख पाण्यात भिजवून ठेवायची, वरची निवळी काढून घ्यायची आणि ती तेलाबरोबर किंवा चरबीबरोबर शिजवायची. आमच्या कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे. कचाची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांना पाजली ती गोष्ट इथे लहान मुलालाही माहीत असते. त्यामुळे राखेतून काय काय उभं राहू शकतं याचं आम्हाला फारसं नवल वाटत नाही! खार तर इथे शेतातसुद्धा दिसतो. कालव्याच्या पाण्याखालची जमीन जास्त पाणी पिऊन वर पांढरी फुटते, ते दुःख या भागातल्या शेतकऱ्याला नवं नाही. आज आपण राखेऐवजी कॉस्टिक सोडा वापरतो, एवढाच फरक. तो घातल्याशिवाय तेल तेलच राहतं.

माझा नेहमीचा घाणा अर्धा किलो तेलाचा असतो. खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २५० ग्रॅम आणि एरंडेल ५० ग्रॅम. कोणत्या तेलाला किती कॉस्टिक लागतं याचे आकडे ठरलेले आहेत. एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६ आणि एरंडेलाला ०.१२८. गुणाकार करून बेरीज मारली की ७७ ग्रॅम येतात. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे झाले ७३ ग्रॅम. हे पाच टक्के कमी अशासाठी की कॉस्टिक सगळं संपावं आणि शिल्लक राहिलंच तर थोडं तेल राहावं. पाणी १७० ग्रॅम. सगळं वजनावर, वाटी-चमच्याचा अंदाज इथे चालत नाही.

कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कधीही कॉस्टिकवर ओतायचं नाही. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियमचं मुळीच नको, कॉस्टिक त्याला खातं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, खिडक्या उघड्या आणि नातवंडं घराबाहेर. दोन्ही कोमट झालं की एकत्र करून घोटत राहायचं. पिठल्यासारखं दाट झालं आणि वरून सोडलेली धार क्षणभर वरच रेघ धरून राहिली की साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. या मापात सात वड्या होतात. मग चार ते सहा आठवडे फळीवर वाऱ्यावर वाळवायच्या. घाई केली तर वडी मऊ राहते आणि पाण्यात लवकर झिजते.

आता प्रयोगांबद्दल. नुसत्या खोबरेलाची वडी कडक होते आणि भरपूर फेस देते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातसुद्धा तिला फेस येतो म्हणतात. पण अंग फार कोरडं करते. नुसत्या शेंगदाणा तेलाची वडी अंगाला सौम्य लागते, पण आठ आठ दिवस मऊच, आणि फेसाचा कंजूषपणा. एरंडेल थोडंसंच घालायचं, त्याने फेस टिकतो. आणि आमचा तालुका साखरेचा, तेव्हा साखर नको का? कॉस्टिक घालण्याआधी पाण्यात चमचाभर साखर विरघळवली की फेस आणखी खुलतो. हे गरजेचं आहे, कारण आमच्या बोअरचं पाणी दुष्फेन. हा शब्द पाठ्यपुस्तकात आपण सगळ्यांनी पाठ केला होता, आठवतो का? सुफेन आणि दुष्फेन. किती नेमका शब्द आहे पाहा, साबणाला फेस येतो की नाही यावरून पाण्याचं नाव ठेवलेलं. आमच्या दुष्फेन पाण्यात वडीचा निम्मा साबण चिकट साका होऊन बादलीच्या काठाला बसतो.

हळद घालून पाहिली. घोटताना साबण एकदम लालसर झाला. भाची घाबरली, मी नाही. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, आणि हळदीला खार लावूनच कुंकू होतं. वाळता वाळता रंग विटकरी होऊन बसला. कडुनिंबाचा पाला वाटून घातला तर हिरवा रंग महिन्याभरात तपकिरी झाला. या दोन्ही वड्या चांगल्याच आहेत. पण त्यांच्यावर 'हळदीचे गुण, कडुनिंबाचे गुण' असं लिहायला माझा हात धजत नाही. कॉस्टिकमधून तावून निघाल्यावर त्या पाल्यात काय उरतं, हे मी तपासलेलं नाही.

इथपर्यंत सगळे माझ्या बाजूने होते. भांडण सुरू झालं ते ठशावरून.

ठसा हा साबण करण्यातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे, हे कबूल. वडी पाडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती घट्ट पेढ्यासारखी होते, तेव्हा ठसा मारायचा. त्याआधी मारला तर साबण ठशाला चिकटून वर येतो, फार उशीर केला तर कडा तडकतात. रबरी शिक्क्याची अक्षरं उथळ असतात, ती साबणावर नीट उठत नाहीत. पेढ्यांचा लाकडी ठसा चांगला चालतो, पितळेचा सर्वांत उत्तम. अक्षरं अर्थातच उलटी कोरून घ्यावी लागतात. आपल्या देवनागरीत शिरोरेषेमुळे अक्षरांची रांग छान धरून राहते. पण जोडाक्षरांच्या पोटातली जागा साबणाने भरून जाते आणि रफार तर बघता बघता नाहीसा होतो. शाळेत इतकी वर्षं रफारासाठी गुण कापले, आता साबण माझे कापतो आहे!

तर पहिला आग्रह नावाचा. नातवंडांना 'आजीचा साबण' असं हवं होतं. पुण्याच्या वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आपण भांड्यांवर नावं घालतोच की. मग साबणावर का नको?" मुद्दा बिनतोड वाटतो खरा. आमच्या घरात अजून अशी ताटं आहेत की ज्यांच्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोणाच्या तरी लग्नाची तारीख आणि आहेर देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. ते नाव आहे म्हणून कार्याला दिलेलं ताट परत घरी येतं. आणि देणारा गेल्यावरही त्याची आठवण रोज जेवताना होते. पण साबण परत करायचा नसतो, आणि त्यावरचं नाव चार आंघोळींत पुसलं जातं. भांड्यावरचं नाव वस्तू कोणाची ते सांगतं. साबणाच्या बाबतीत वापरणाऱ्याला ती वस्तू कशाची आहे हे आधी कळायला हवं.

दुसरा आग्रह देवाचा. शिर्डी आमच्यापासून अगदी जवळ, त्यामुळे शेजारच्या वहिनींनी सुचवलं की वडीवर साईंचं नाव किंवा ॐ उमटवा, लोक श्रद्धेने घेतील. मी म्हटलं, श्रद्धेने घेतील, पण मग पाय कशाने घासतील? भाचेसून हुशार, ती म्हणाली, "मामी, गणपतीसुद्धा आपण पाण्यात विरघळवतोच ना?" विरघळवतो, पण आरती करून, निरोप देऊन. मोरीत काखेला घासून नव्हे. ज्यांना यात काही वावगं वाटत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. माझ्या घाण्यात मात्र ते होणार नाही.

तिसरा आग्रह खरा कठीण होता, आणि त्याच्यासाठीच हा लेख.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्या भागातला महिलांचा बचत गट चालवते. तिने वड्या पाहिल्या, वापरल्या आणि एके दिवशी चार जणींना घेऊन आली. म्हणाली, "बाई, आम्हाला शिकवा. आम्ही करतो आणि विकतो." मला आनंदच झाला. पापड-लोणच्यांच्या गर्दीत यांना काहीतरी वेगळं मिळेल असं वाटलं. पण तिने ठशाचा नमुना आधीच मोबाइलमध्ये आणला होता. मध्ये पान, भोवती गोल अक्षरांत '१०० टक्के आयुर्वेदिक, केमिकल-फ्री'.

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बाई, बाजारात सगळेच लिहितात. आपण नाही लिहिलं तर आपली वडी कोण घेणार? कॉस्टिक घातलंय असं लिहिलं तर बाया हातसुद्धा लावणार नाहीत." तिच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची आहे, हे मला माहीत आहे. तिच्यासमोर बसून तत्त्वं सांगणं सोपं नव्हतं, आणि माझ्या पेन्शनच्या आधारावर बसून सांगणं तर त्याहून नाही.

तरीही माझं उत्तर तेच आहे, आणि त्याची कारणं देते.

पहिलं कारण, ते खरं नाही. कॉस्टिक वापरलं आहे. वडी पूर्ण होईपर्यंत ते तेलाबरोबर मिळून संपतं ही गोष्ट खरी, आणि तसं सांगता येतं. "वापरलं, पण उरलं नाही" हे सांगायला काय हरकत आहे? पण वापरलंच नाही असं म्हटलं, तर उद्या ते वाचून एखादी पोर घरी बिनधास्त साबण करायला बसेल आणि हात भाजून घेईल. वाळायच्या आधीच विकलेली कच्ची वडी एखाद्या तान्ह्या बाळाच्या अंगाला लागली तर आई वेष्टनावर 'केमिकल-फ्री' वाचून निश्चिंत असेल.

दुसरं कारण भाषेचं, माझ्या विषयाचं. 'रसायन' या शब्दाची आपण काय दशा केली आहे! आयुर्वेदात रसायन म्हणजे शरीराला बळ देणारं, वय थोपवणारं औषध. च्यवनप्राश हे रसायनच. तोच शब्द आज आपण विषासारखा उच्चारतो, आणि वर 'आयुर्वेदिक' आणि 'रसायनविरहित' एकाच वेष्टनावर छापतो. पाणी रसायन, मीठ रसायन, खोबरेलही रसायनच. वजा करायचं तरी काय काय?

तिसरं कारण कायद्याचं. अंगाचा साबण विकायला करायचा तर तो आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आधी साबण वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आता २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. विकण्यासाठी करायचा तर परवाना लागतो, आणि वेष्टनावर घटक, घाण्याचा क्रमांक, तारीख, करणाऱ्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो. म्हणजे सरकार जे मागतं आहे ते फार वेगळं नाही. काय घातलंय आणि कधी केलंय, एवढंच तर ते विचारतं.

ठशावर खरी माहिती देणं ही काही माझी नवी कल्पना नाही. फ्रान्समधल्या मार्सेय शहराचा साबण जगभर प्रसिद्ध आहे. १६८८ साली तिथल्या राजाने हुकूम काढला की हा साबण ऑलिव्हच्या तेलाचाच झाला पाहिजे. पुढे त्या चौकोनी वड्यांवर तेलाचं प्रमाण आणि वजन ठशात उमटवायची पद्धत पडली. '७२ टक्के' हा आकडा हीच त्या साबणाची ओळख झाली. सीरियातल्या अलेप्पोत आणि पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसमध्ये अजून वड्या हाताने ठसे मारून रचल्या जातात. या दोन्ही कारागिऱ्या २०२४ साली युनेस्कोने जपण्याजोग्या वारशाच्या याद्यांत घेतल्या.

आपल्याकडे १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या, त्या वड्यांवर इंग्लंडमध्ये तयार झाल्याची अक्षरं होती. मग स्वदेशीच्या काळात आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये 'चावी' साबण काढला. कुलपांचा कारखाना त्यांचाच, म्हणून चावी. पण त्यांनी लोकांना सांगितलं काय? हा साबण प्राण्यांच्या चरबीचा नाही, वनस्पती तेलाचा आहे. ज्या देशात चरबीमुळे माणसं साबणाला शिवत नसत, तिथे हा दावा मोलाचा होता, आणि तो खरा होता. दावा करायला माझा विरोध मुळीच नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने असे कितीतरी घरगुती उद्योग पुन्हा उभे करायचा प्रयत्न केला. पुढे कडुनिंब, करंज अशा अखाद्य तेलांचा साबण हा खादी ग्रामोद्योगाचा मोठा विषय झाला. तेव्हा बचत गटाच्या बायकांनी साबण करणं ही आपल्या मातीतलीच गोष्ट आहे. त्यांनी ती जरूर करावी.

आणि कारखान्याच्या साबणालाही नावं ठेवायचं कारण नाही. अंगाच्या साबणाचे भारतीय मानकांत तीन दर्जे आहेत. एकूण स्निग्ध पदार्थ, म्हणजे तो टीएफएम, पहिल्या दर्जाला किमान ७६ टक्के, दुसऱ्याला ७० आणि तिसऱ्याला ६०. वडीवर नाव ठळक असतं आणि हा आकडा वेष्टनाच्या कोपऱ्यात बारीक असतो, पण असतो. माझ्या वडीचा हिशोब मी मांडून पाहिला. ताजी वडी साधारण १०६ ग्रॅमची, त्यात स्निग्ध भाग ६४ टक्क्यांच्या आसपास. वाळून ९४ ग्रॅम झाली की ७२ टक्के. म्हणजे सहा आठवडे खपूनही माझा साबण कागदावर दुसऱ्याच दर्जाचा! त्यात ग्लिसरीन आपोआप तयार होऊन आतच राहतं, ही जमेची बाजू. मला त्याची लाज वाटत नाही. पण हे माहीत असताना वर 'सर्वोत्तम' लिहायचं कसं?

तर माझ्या विद्यार्थिनीला मी असं सांगितलं आहे. साबण मी शिकवीन, दहा घाणे माझ्या देखरेखीखाली करा. वजनकाटा मी देते. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करायला आपण दोघी मिळून अहिल्यानगरला जाऊ. (आमच्या तोंडात अजून नगरच बसलेलं आहे.) तोवर वड्या विकायच्या नाहीत, घरी वापरायच्या आणि वाटायच्या. आणि ठसा बदलायचा. ती अजून पुरती राजी नाही. "बाई, बघू," म्हणाली. आमच्या भागात 'बघू' म्हणजे नाही, पण तुमचा मान राखून. मात्र परवा तिने वजन करताना ७३ ग्रॅमवर काटा थांबेपर्यंत दोनदा कॉस्टिक काढलं-घातलं, ते पाहून मला आशा वाटते.

इथल्या एका सुताराकडून मी सागवानाचा छोटा ठसा करून घेतला आहे. त्यावर फक्त तीन अक्षरं आहेत: ना, शें, ए. म्हणजे नारळ, शेंगदाणा, एरंडेल. जोडाक्षर नाही, रफार नाही, सगळं सुबक उठतं. खाली तारीख मी विणायच्या सुईने हाताने कोरते. नातवंडांचा रुसवा काढायला वेष्टनाच्या कागदावर 'आजीचा साबण' लिहायची परवानगी दिली आहे. कागदावर नाव चालेल, कारण त्याच कागदावर आत घातलेल्या सगळ्या वस्तूंची यादीही आहे. कॉस्टिकसकट.

दिवाळीच्या फराळाबरोबर या वड्या काही जणांकडे पोचतील. त्यांनी आधी ठशावरची तारीख वाचावी, त्यात सहा आठवडे मिळवावेत आणि मगच वडी मोरीत न्यावी. त्याआधी वापरून "वहिनी, साबण फार लवकर संपला" असा फोन करू नये. आणि नावाच्या, देवाच्या किंवा पानाच्या ठशाच्या बाजूने कुणाकडे माझ्याहून भक्कम मुद्दा असेल तर जरूर कळवा. ऐकून घेईन. पटेल याची खात्री नाही!

कळावे, लोभ असावा.